मयत भागीदाराच्या वारसांचा हिशेबाचा दावा आणि त्याची मुदत

भागीदारी पेढीतला एखादा भागीदार मरण पावला, तर त्याच्या वारसांना पेढीचा हिशेब आणि मयताच्या वाट्याची रक्कम मागता येते. भारतात या दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे. मुदत अधिनियम, १९६३ च्या अनुच्छेद ५ नुसार ती पेढी विसर्जित झाल्यापासून मोजतात. आणि भागीदारीपत्रात वेगळे ठरलेले नसेल तर भागीदारी अधिनियम, १९३२ च्या कलम ४२ प्रमाणे भागीदाराच्या मृत्यूनेच पेढी विसर्जित होते. दोघांचीच पेढी असेल तर ‘व्यवसाय पुढे चालू राहील’ असे लिहून ठेवूनही ती टिकत नाही, कारण एकट्याची भागीदारी नसते.

वारस फसतात ते नेमके इथे. हयात भागीदाराने पैसे नाकारले की मुदत सुरू होते, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात ती आधीच चालू झालेली असते. वारस दाखला आणि बँकेच्या खेपा यांत एक वर्ष जाते, ‘यंदाचा ताळेबंद होऊ द्या, मग बसू’ या शब्दावर दुसरे. अशा तोंडी आश्वासनाने मुदत एका दिवसानेही वाढत नाही. सहीच्या लेखी कबुलीने मात्र वाढते (मुदत अधिनियम, कलम १८). ‘तुमच्या वडिलांच्या खात्याचा हिशेब व्हायचा आहे, झाला की देणे चुकते करू’ एवढ्या दोन ओळी, खाली भागीदाराची सही आणि तारीख, एवढे असले तरी त्या तारखेपासून नवी तीन वर्षे मिळू शकतात. रकमेचा आकडा हवाच असे नाही. पण ही कबुली मूळ मुदतीच्या आतली लागते.

अपिलाला उशीर झाला तर न्यायालय तो माफ करू शकते, दाव्याला तशी सवलत नाही. प्रतिवादी गप्प राहिला तरी मुदतबाह्य दावा न्यायालयाने फेटाळायचाच असतो (मुदत अधिनियम, कलम ३).

हयात भागीदार हा मयताच्या वाट्याचा विश्वस्त, म्हणून त्याच्याविरुद्ध मुदत चालत नाही, हा युक्तिवाद जुना आहे. इंग्लंडच्या हाऊस ऑफ लॉर्ड्सने तो १८७२ मध्येच अमान्य केला.

अज्ञान (अल्पवयीन) वारसाला सज्ञान झाल्यावर तीन वर्षे मिळतात. मात्र त्याच्या संमतीशिवाय सर्वांच्या वतीने येणे चुकते करून घेण्याचा अधिकार एखाद्या सज्ञान वारसाला असेल, तर मुदत सगळ्यांविरुद्ध धावते. लहान भावंडांच्या नावावर विसंबलेली कुटुंबे या अपवादापायी हक्क गमावू शकतात.

हिशेब न मिटवता व्यवसाय चालूच ठेवला, तर वारसांना मयताच्या भांडवलावर झालेला नफा किंवा सालीना सहा टक्के व्याज, यांपैकी एक निवडता येते (भागीदारी अधिनियम, कलम ३७). या टक्क्यांकडे बघत थांबणे धोक्याचे आहे. पेढी नोंदलेली नसली तरी विसर्जित पेढीचा हिशेब मागता येतो. भागीदारीपत्रात लवादाचे कलम असेल, तर लवाद मागणारी नोटीस मुदतीच्या आत समोरच्याच्या हाती पडली पाहिजे. नुसती टपालात टाकून भागत नाही.