भिंतीची धडक (बेसबॉल)

क्रिकेटचे मैदान दोरीपाशी संपते, बेसबॉलचे भिंतीपाशी. भिंतीला खेटून घेतलेला झेलही झेलच, त्यामुळे आउटफिल्डमधला खेळाडू आभाळाकडे बघत भिंतीच्या दिशेने सुसाट धावतो. चेंडूवरची नजर हलली तर झेल सुटतो. नाही हलली तर भिंत कधी आली ते कळत नाही.

याचे सर्वांत चटका लावणारे उदाहरण म्हणजे अमेरिकेतल्या ब्रुकलिन डॉजर्स संघाचा पीट रायझर (१९१९–१९८१). १९४१ मध्ये, अवघ्या बाविसाव्या वर्षी, .३४३ च्या सरासरीने (म्हणजे हजार संधींत ३४३ यशस्वी फटके) त्याने नॅशनल लीग या अमेरिकेतल्या अव्वल स्पर्धेत फलंदाजीचा पहिला क्रमांक पटकावला. १९ जुलै १९४२ रोजी सेंट लुईसमध्ये, बरोबरीनंतरच्या जादा इनिंगमध्ये, सेंट लुईस कार्डिनल्सच्या इनोस स्लॉटरच्या फटक्यामागे धावताना तो काँक्रीटच्या भिंतीवर आदळला. हातमोज्यात आलेला चेंडू निसटला आणि तेवढ्यात स्लॉटर चारही बेस (मैदानावरचे टप्पे) पळून आला, म्हणजे त्याची धाव पूर्ण झाली. सामना गेला. डोक्याला जबर मार बसूनही रायझर काही दिवसांतच पुन्हा खेळू लागला. त्याच्या जिद्दीचे गोडवे आजही गायले जातात, पण अशा अवस्थेत त्याला खेळवले कसे, हे कुणी फारसे विचारत नाही. त्याची सरासरी मोसमाअखेर .३१० पर्यंत घसरली. डॉजर्सनी १०४ सामने जिंकले, सेंट लुईस कार्डिनल्सनी १०६, म्हणजे पहिले स्थान अवघ्या दोन विजयांनी हुकले.

१९४७ मध्ये घरच्या एबेट्स फील्डवर तो पुन्हा भिंतीवर आदळला. पुढच्या वर्षी तिथल्या भिंतीला फोमरबरचे अस्तर लागले. १९४९ पासून भिंतीलगत 'वॉर्निंग ट्रॅक' सक्तीचा झाला. हा गवताऐवजी माती किंवा खडीचा पट्टा असतो. बुटाखाली खडी करकरली की चेंडूवरची नजर न हलवताही भिंत जवळ आल्याचे पायाला समजते. पट्टा साधारण १५ फुटांचा, म्हणजे भरधाव धावणाऱ्याच्या हाती जेमतेम अर्धा-पाऊण सेकंद. तेवढ्यात थांबता येत नाही, फार तर खांदा पुढे करता येतो.

म्हणून धडका संपलेल्या नाहीत. ३ जून २०२३ रोजी लॉस एंजेलिसमध्ये न्यूयॉर्क यँकीजच्या ॲरन जजने झेल पकडला आणि त्याच्या धक्क्याने कुंपणाचे दारच उघडले. कुंपणाला गादी होती, पण तळाशी काँक्रीटचा कठडा उघडा होता. पायाचे बोट त्यावर आपटून लिगामेंट फाटले आणि जज जवळपास आठ आठवडे संघाबाहेर बसला. झेल मात्र सुटला नव्हता.