भाड्याची गाडी आणि विकतची माफी : परदेशातल्या काउंटरवरच्या एका शब्दाची पार्श्वभूमी

गेल्या वर्षी भाच्याने लॉस एंजेलिसच्या विमानतळाजवळून एक फोटो पाठवला. भाड्याच्या गाडीचा करार होता. त्यावर चार चौकटी, प्रत्येकीपुढे रोजचा दर आणि शेजारी आद्याक्षरं करायला रेघ. खाली त्याचा प्रश्न : "मामा, पहिली घेतली. इन्शुरन्स झाला ना?"

पहिली चौकट 'एलडीडब्ल्यू'ची, म्हणजे गाडीच्या नुकसानीच्या माफीची होती. तो विमा नव्हता. विमा, म्हणजे दुसऱ्याला होणाऱ्या नुकसानीचा, दुसऱ्या चौकटीत होता आणि ती त्याने नाकारली होती. त्याला दोष देता येणार नाही. हा गोंधळ चाळीसएक वर्षं जुना आहे. अमेरिकेतल्या न्यायालयांत आणि विधिमंडळांत त्यावर कडाक्याचे वाद झालेत, आणि त्यांचे निकाल आजही त्या कागदावर छापलेले असतात.

धंद्याची सुरुवात थोडक्यात सांगतो. १९१८ मध्ये शिकागोत एका तरुणाने फोर्डच्या डझनभर मॉडेल टी गाड्यांवर भाड्याचा व्यवसाय सुरू केला. दुसरं महायुद्ध संपल्यावर विमानतळांवरचे काउंटर वाढत गेले. गाडीचा विमा सक्तीचा करण्याची लाट याच काळातली : मॅसॅच्युसेट्समध्ये १९२७, ब्रिटनमध्ये १९३०चा कायदा. आपल्याकडे १९३९च्या मोटार वाहन कायद्यातलं विम्याचं प्रकरण प्रत्यक्षात १ जुलै १९४६ पासून लागू झालं. सक्ती सगळीकडे थर्ड पार्टीचीच होती, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं जे नुकसान होईल त्याची. स्वतःच्या गाडीचं काय, हा ज्याचा त्याचा प्रश्न. भाड्याच्या गाडीत मात्र 'स्वतःची गाडी' कंपनीची असते, आणि तिथेच हा गुंता सुरू होतो.

चौकटीतला शब्द आहे 'वेव्हर'. 'कोलिजन डॅमेज वेव्हर', सीडीडब्ल्यू; चोरी वगैरे धरून तोच 'लॉस डॅमेज वेव्हर', एलडीडब्ल्यू. मराठीत याला माफी म्हणावं लागेल. कर्जमाफी आपल्याला चांगली ठाऊक आहे. आधी कर्ज अंगावर असतं, म्हणून ते माफ होतं. इथेही तसंच. करारावर सही करताच गाडीच्या नुकसानीची जबाबदारी भाडेकरूवर येते, आणि रोजचे अमुक डॉलर भरले तर कंपनी ती वसूल न करण्याचं कबूल करते. यात विमा कंपनी नाही, पॉलिसी नाही. जबाबदारी टाकणारीही कंपनीच आणि पैसे घेऊन ती उचलणारीही कंपनीच.

हे नेहमी असंच नव्हतं. पूर्वी कंपनी गाडीची जोखीम बरीचशी स्वतःकडे ठेवायची आणि भाडेकरूकडून पहिले काहीशे डॉलर मागायची. माफी त्या काहीशे डॉलरांपुरती असायची. १९८०च्या दशकात स्पर्धेमुळे जाहिरातीतलं भाडं खाली गेलं, तशी भाडेकरूवरची जबाबदारी वाढत गेली. आधी ती हजारांत गेली, मग गाडीच्या पूर्ण किमतीवर. जबाबदारी एवढी वाढल्यावर माफीही महाग झाली. दिवसाला दहा डॉलरच्या आसपासची ही चौकट नफ्याचं मोठं साधन बनली. ती विकण्याबद्दल काउंटरवरच्या माणसाला कमिशन मिळू लागलं. लांबचा प्रवास करून थकलेल्या गिऱ्हाइकाला विचारलं जायचं, "पंधरा हजारांची गाडी आहे, घेताय ना?"

साहजिकच प्रश्न निघाला की हा विमा आहे की नाही. असेल तर विमा नियामकाची परवानगी हवी, दर मंजूर हवेत, विकणाऱ्याकडे परवाना हवा. १९८७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका अपील न्यायालयाने सांगितलं की हा विमा नाही. कारण असं की मुख्य व्यवहार गाडी भाड्याने देण्याचा आहे आणि माफी ही त्याला जोडलेली बाब. कायद्याच्या अंगाने हे तर्कशुद्ध असेलही, पण सामान्य माणसाच्या हाती त्यातून काही आलं नाही. विमा नाही म्हणून विमा नियामकाचा हात तिथवर पोहोचेना, आणि काउंटरवर मात्र बोलताना शब्द 'इन्शुरन्स' असाच. पुढच्याच वर्षी त्या राज्याच्या विधिमंडळाने वेगळा कायदा करून माफीच्या दरावर मर्यादा घातली.

न्यूयॉर्कने त्याच्या पुढे पाऊल टाकलं. १९८९ मध्ये लागू झालेल्या कायद्याने तिथे ही माफी विकायलाच बंदी आली आणि भाडेकरूची जबाबदारी शंभर डॉलरवर थांबवली. दारू पिऊन चालवणं किंवा जाणूनबुजून नुकसान करणं असे अपवाद होते. विचार साधा होता. शेकडो गाड्यांची जोखीम एकत्र सांभाळणं कंपनीला जमतं, चार दिवसांच्या पाहुण्याला जमत नाही; मग ती जोखीम भाड्यातच धरावी. इलिनॉयनेही तीच वाट धरली. (योगायोग असा की आपल्या केंद्र सरकारची 'रेंट अ कॅब' योजनाही १९८९चीच. गोव्यात पिवळ्या अक्षरांच्या काळ्या पाट्यांच्या ज्या गाड्या दिसतात, त्या त्या योजनेतल्या.)

नव्वदीच्या दशकात मी न्यू जर्सीत नोकरीला होतो. हा फरक हाताने अनुभवला. न्यूअर्कला गाडी घेतली की करारावर चौकट, हडसन नदी ओलांडून न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमध्ये तसलीच गाडी घेतली की चौकट नाही. मॅनहॅटनमध्ये भाडं जास्त होतं हे खरं. पण जो आकडा सांगितला, तोच द्यावा लागायचा. माझ्या मते त्या काळात कुठल्याही राज्याने भाडेकरूसाठी घेतलेला हा सगळ्यात नेक निर्णय होता. कंपन्यांचं म्हणणं उलट होतं : लोक बेफिकिरीने गाड्या चालवतात, ठोकतात, चोरीला जाऊ देतात आणि शंभर डॉलर ठेवून निघून जातात, त्याचा भार जपून चालवणाऱ्यांवर पडतो. या तक्रारीत काहीच तथ्य नव्हतं असं म्हणता येणार नाही. अखेर २००३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये माफी पुन्हा विकायला मोकळी झाली, तीही दर बांधून : स्वस्त गाडीला दिवसाला ९ डॉलर, महाग गाडीला १२. भाडेकरूची जबाबदारीही पुन्हा वर गेली. चौकट परत आली. भाडं मात्र त्या मानाने उतरलेलं मला तरी दिसलं नाही.

गाडीच्या नुकसानीवर एवढी भांडणं होत असताना जास्त धोक्याची बाजू बाजूला राहिली, ती म्हणजे दुसऱ्याला झालेली इजा. न्यूयॉर्कमध्ये १९२४ पासून नियम होता की गाडी मालकाच्या परवानगीने चालवली जात असेल तर चालकाच्या चुकीला मालकही जबाबदार. हा मालक म्हणजे भाड्याची कंपनीच. कोर्टाने लाखो डॉलरची भरपाई ठरवली तर ती कंपनीकडून वसूल होऊ शकायची. कंपन्यांना हे फार बोचत होतं. १९९२ मध्ये एका मोठ्या कंपनीने न्यूयॉर्क शहरातल्या ब्राँक्स भागाच्या रहिवाशांना दिवसाला ५६ डॉलर आणि ब्रुकलिनवाल्यांना ३४ डॉलर जादा आकार लावला. कारण दिलं याच जबाबदारीचं. ब्राँक्समध्ये राहणारे माझे दोन सहकारी तेव्हापासून न्यू जर्सीत आमच्या घरी येऊन माझ्या नावावर गाडी घ्यायचे. आज तसं कुणाला करू देणार नाही, कारण करारात नाव नसलेला चालक चाकावर बसला की माफीही जाते आणि बाकीचं संरक्षणही.

ऑगस्ट २००५ मध्ये वाहतूक निधीच्या एका अवाढव्य केंद्रीय कायद्यात एक छोटं कलम घालण्यात आलं आणि ही मालकाची जबाबदारी देशभर एका फटक्यात संपली. कंपनीची स्वतःची चूक असेल, उदाहरणार्थ ब्रेक खराब असताना गाडी दिली, तर गोष्ट वेगळी. एरवी अपघाताला चालक जबाबदार, मग तो पुण्याहून चार दिवसांसाठी आलेला का असेना. त्या कलमावर वर्तमानपत्रांत फारसं काही आलं नाही, पण भाच्याच्या कागदावरची दुसरी चौकट खरी महत्त्वाची झाली ती त्या दिवसापासून.

मालकाची जबाबदारी गेल्यावर कंपनीकडून थर्ड पार्टीचं संरक्षण मिळालंच, तर ते राज्याच्या किमान मर्यादेइतकं. कॅलिफोर्नियात ही मर्यादा १९६७ पासून तशीच होती : एका जखमीला १५ हजार डॉलर, एका अपघातातल्या सगळ्या जखमींना मिळून ३० हजार, मालमत्तेला ५ हजार. १ जानेवारी २०२५ पासून ती ३०, ६० आणि १५ हजार झाली. अमेरिकेतल्या इस्पितळाचं बिल ज्याने एकदा पाहिलंय, त्याला हे आकडे किती तोकडे आहेत ते कळेल. युरोपीय संघातली आजची किमान मर्यादा शेजारी ठेवून पाहा : एका जखमीला १३ लाख युरो किंवा एका अपघाताला ६४ लाख ५० हजार युरो. तिथे ती सक्तीची असते आणि भाड्यातच येते. युरोपात याची मुळं १९५३ साली सुरू झालेल्या 'ग्रीन कार्ड' पद्धतीत आहेत. सीमेपलीकडून आलेल्या गाडीने इथल्या माणसाला उडवलं तर भरपाई इथेच मिळायला हवी, या विचारातून ती आली. न्यूझीलंडची रीत तिसरीच : १ एप्रिल १९७४ पासून अपघातातल्या इजेची भरपाई सरकारी योजनेतून, चूक कोणाची हे न विचारता. म्हणून तिथे थर्ड पार्टी विमा सक्तीचा नाही. लंडनहून आलेला मित्र "थर्ड पार्टी तर असतेच की" म्हणतो तेव्हा तो त्याच्या देशापुरतं खरं बोलत असतो.

तसाच देशापुरता खरा असलेला दुसरा सल्ला अमेरिकेतून येतो : "काउंटरवर काहीही घेऊ नका, सगळं नाकारा." त्यालाही इतिहास आहे. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात, सीडीडब्ल्यूविरुद्ध लोक चिडलेले असताना, क्रेडिट कार्ड कंपन्यांनी भाड्याच्या गाडीच्या नुकसानीचं संरक्षण कार्डाबरोबर फुकट द्यायला सुरुवात केली. शिवाय अमेरिकन माणसाची घरच्या गाडीची पॉलिसी सहसा भाड्याच्या गाडीलाही लागू होते, थर्ड पार्टीसकट. त्यामुळे तो बिनधास्त नाकारू शकतो. आपल्या पॉलिसीत मात्र भौगोलिक क्षेत्र 'भारत' असतं. जादा हप्ता भरून ते नेपाळ, भूतान, बांगलादेश, पाकिस्तान, श्रीलंका, मालदीवपर्यंत वाढवता येतं, त्यापलीकडे नाही. पॉलिसी कितीही व्यापक असो, झिरो डेप किंवा बंपर टू बंपर, लॉस एंजेलिसमध्ये तिचा काही उपयोग नाही. भारतीय कार्डावर असं संरक्षण असलं तरी ते बहुधा गाडीच्या नुकसानीचं, दुसऱ्याच्या इजेचं नव्हे. अमेरिकेत स्थायिक झालेली आपली माणसं कळकळीने "नाकार" म्हणतात, आणि त्यांची पॉलिसी त्यांच्या गॅरेजमधल्या गाडीबरोबर असते हे सांगायचं राहून जातं.

युरोपात माफी बहुतेक भाड्यातच असते, पण पूर्ण नसते. पहिले हजार-दोन हजार युरो आपले, त्याला 'एक्सेस' म्हणतात. तेवढी रक्कम क्रेडिट कार्डावर अडकवून ठेवतात. फॉरेक्स कार्ड दाखवलं की बऱ्याच ठिकाणी गाडीच देत नाहीत. एक्सेस शून्यावर आणायला वेगळे पैसे. तक्रारी इतक्या वाढल्या की २०१५ मध्ये पाच मोठ्या कंपन्यांना युरोपीय ग्राहक यंत्रणांसमोर लेखी हमी द्यावी लागली : एकूण किंमत आधीच सांगू, माफीत काय येतं आणि काय नाही ते स्पष्ट लिहू, ग्राहकाला म्हणणं मांडू दिल्याशिवाय नुकसानीचे पैसे कापणार नाही.

काय येत नाही ही यादी मात्र जागेप्रमाणे बदलते. काचा, टायर, गाडीचा तळ आणि छप्पर बहुतेक ठिकाणी बाहेर. आइसलँडमध्ये मी पूर्ण माफी घेतली होती. तरी किल्ली देताना काउंटरवरच्या मुलीने मला पार्किंगमध्ये नेलं, दार एका हाताने धरून उघडून दाखवलं आणि म्हणाली, "असंच धरायचं, दोन्ही वेळा." वाऱ्याने दार उलटं फिरून बिजागरी वाकली तर ते माफीत नाही. नदीतून गाडी घातली तर काहीच माफीत नाही. उडणारी वाळू आणि राख रंग खरवडते, तिची चौकट वेगळी, खडीचीही वेगळी. न्यूझीलंडमध्ये क्वीन्सटाऊनजवळचा स्किपर्स कॅन्यन रस्ता किंवा नाइंटी माइल बीच, तिथे भाड्याची गाडी नेली की करारातलं संरक्षणच संपतं. दुबईत ओरखडा उठला तरी पोलिसांचा कागद लागतो. त्याशिवाय गॅरेज हात लावत नाही आणि माफीही चालत नाही.

अमेरिकेत माझ्या बाबतीत एकदा वेगळंच झालं. बंपरचं दुरुस्तीबिल मी भरलं आणि दोन महिन्यांनी आणखी एक पत्र आलं : गाडी गॅरेजमध्ये होती त्या नऊ दिवसांचं बुडालेलं भाडं, गाडीची घसरलेली किंमत आणि कागदपत्रांचा खर्च. कंपनीचं म्हणणं करारात होतं, माझीच सही त्याखाली होती. 'लॉस ऑफ यूज' हा शब्द मी तेव्हा शिकलो. माफी घेतली तर हे तिन्ही तिच्यात जातात. कार्डाचं संरक्षण मात्र हे सगळं देईलच असं नाही.

भाच्याला मी त्याच संध्याकाळी फोन केला. वय चोवीस म्हणून पंचविशीखालच्या चालकाचा रोजचा आकार त्याने आधीच भरला होता. दुसरी चौकट 'एसएलआय'ची (सप्लिमेंटल लायबिलिटी इन्शुरन्स) होती : थर्ड पार्टीचं संरक्षण लाखो डॉलरपर्यंत वाढवणारी, आणि ती खऱ्या विमा कंपनीची पॉलिसी. बुकिंग करताना राहण्याचा देश 'अमेरिका' निवडलेला होता, कारण पत्ता मित्राचा दिला होता. देश 'भारत' किंवा 'जर्मनी' निवडला की तीच गाडी बऱ्याचदा दोन्ही चौकटी भाड्यात धरून मिळते. तो अजून पार्किंगमध्येच होता, गाडीचे चारही बाजूंनी फोटो काढत. परत आत गेला, दुसऱ्या रेघेवर आद्याक्षरं केली आणि मग निघाला.