फेरी क्वीनने ठाण्याची गाडी ओढलीच नव्हती

दरवर्षी १६ एप्रिल आला की तोच फोटो फिरतो, फेरी क्वीन इंजिनाचा, आणि खाली लिहिलेलं असतं की बोरीबंदर-ठाणे पहिली गाडी हिनेच ओढली. अहो, ती गाडी धावली १८५३ ला आणि हे इंजिन इंग्लंडमधल्या लीड्सला बनलंच १८५५ मध्ये, मग कसं ओढणार! शिवाय ते होतं ईस्ट इंडियन रेल्वेचं, म्हणजे बंगालकडचं, हावडा-राणीगंज लाईनवर चालायचं. आपली गाडी जीआयपीची, म्हणजे मुंबईकडच्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीची, तिला साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं होती असं सांगतात.

गोंधळ का होतो तर 'सगळ्यात जुनं चालू इंजिन' म्हणून हिचं गिनीजमध्ये नाव आलं, आणि जुनं म्हणजे पहिलं असं लोक धरून चालतात. १९०९ ला रिटायर झाली, मग हावड्याला नुसती उभी, पुढे चंदौसीच्या रेल्वे ट्रेनिंग स्कूलमध्ये, नंतर दिल्लीच्या म्युझियममध्ये. १९९७ ला दुरुस्त करून दिल्ली-अलवर टुरिस्ट गाडीला जोडली, वय वर्षं १४२! एवढं भारी करिअर असताना आपल्या साहिब-सिंध-सुलतानचं क्रेडिट तिला कशाला द्यायचं?