एकच डॉलर, तीन शहरांची गंगाजळी

रिझर्व्ह बँकेने जून २०२५मध्ये रोख राखीव प्रमाण, म्हणजे बँकांनी ठेवींपैकी रिझर्व्ह बँकेकडे राखून ठेवायचा हिस्सा (सीआरआर), ४ टक्क्यांवरून टप्प्याटप्प्याने ३ टक्क्यांवर आणायचं जाहीर केलं. तेव्हा एक प्रश्न कानावर आला : मुंबईतल्या शाखेला सीआरआर जास्त आणि गडहिंग्लजच्या शाखेला कमी, असं असतं का?

नसतं. रिझर्व्ह बँक लोकसंख्येवरून गावांचे ग्रामीण, निमशहरी, शहरी आणि महानगरी असे वर्ग पाडते, पण ते शाखांच्या हिशेबासाठी. सीआरआर मोजतात तो बँकेच्या एकूण ठेवींवर. तरी प्रश्न मला फार आवडला, कारण अमेरिकेत शंभराहून अधिक वर्षं बँकेने किती रक्कम राखून ठेवायची हे ती कोणत्या शहरात आहे यावरच ठरत होतं.

यादवी युद्ध चालू असताना, १८६४च्या कायद्याने तिथे उतरंड रचली. तळाला खेड्यापाड्यांतल्या ‘कंट्री’ बँका : ठेवींच्या १५ टक्के राखीव. त्यांच्या वर बोस्टन, फिलाडेल्फिया, शिकागो अशी ‘राखीव शहरं’ : २५ टक्के. शिखरावर न्यूयॉर्क : तिथेही २५ टक्के, पण सगळे स्वतःच्या तिजोरीत. पुढे १८८७मध्ये शिकागो आणि सेंट लुईसही न्यूयॉर्कसारखी वरच्या दर्जाची ‘मध्यवर्ती राखीव शहरं’ झाली.

खरी गंमत पुढे आहे. खालच्या बँकेला आपल्या गंगाजळीचा काही भाग वरच्या शहरातल्या बँकेत ठेवायची मुभा होती, आणि तो राखीव म्हणून मोजलाही जाई. १८८७च्या आधीचा हिशेब करून पाहू. आयोवा राज्यातल्या एका गावच्या बँकेत १०० डॉलरच्या ठेवी आहेत. राखीव हवेत १५. त्यांतले तीन पंचमांश, म्हणजे ९ डॉलर, ती शिकागोला ठेवते; तिजोरीत राहतात ६. शिकागोच्या बँकेला हे ९ डॉलर म्हणजे नवी ठेव. त्यावर २५ टक्के, म्हणजे सव्वादोन डॉलर राखीव. त्यातले निम्मे ती न्यूयॉर्कला पाठवू शकते, उरलेले निम्मे, म्हणजे सुमारे १ डॉलर १२ सेंट, तिजोरीत. न्यूयॉर्कची बँक आलेल्या १ डॉलर १२ सेंटवर २५ टक्के ठेवते : २८ सेंट. आता तिन्ही तिजोऱ्या उघडा. ६ अधिक १.१२ अधिक ०.२८, म्हणजे सुमारे ७ डॉलर ४० सेंट. गावच्या वहीत मात्र राखीव १५ डॉलर! बाकीची रक्कम वाटेत कर्जाऊ गेलेली.

आणि गेली कुठे? न्यूयॉर्कच्या बँका या ठेवींवर व्याज देत, म्हणून पैसा तिकडे धावे. तिथून तो शेअर दलालांना मागताक्षणी परत करायच्या कर्जाच्या रूपाने मिळे. शरद ऋतूत धान्याची सुगी आली की आयोवात मजुरी आणि खरेदीसाठी रोकड लागे. गावची बँक शिकागोकडे मागे, शिकागो न्यूयॉर्ककडे, न्यूयॉर्क दलालाकडे. दलाल शेअर विकून पैसे उभे करी आणि भाव कोसळत. ऑक्टोबर बाजाराला अपशकुनी असतो, असं आजही मोठ्या गांभीर्याने सांगितलं जातं. १८७३चं अरिष्ट सप्टेंबरात आणि १९०७चं ऑक्टोबरात शिगेला पोहोचलं, त्यामागे ग्रहदशा नव्हती. आधीच ताणलेल्या बाजारात सुगीसाठी रोकड गावाकडे निघालेली होती. १९०७मध्ये तर न्यूयॉर्कच्या बँकांनी रोख देण्यावर मर्यादा घातली.

या धड्यातूनच १९१३चा फेडरल रिझर्व्ह, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचा, कायदा आला. मागणी ठेवींवर, म्हणजे केव्हाही काढता येणाऱ्या ठेवींवर, दर ठरले मध्यवर्ती राखीव शहरांना १८, राखीव शहरांना १५ आणि कंट्री बँकांना १२ टक्के; १९१७मध्ये ते १३, १० आणि ७ झाले, आणि सगळी कायदेशीर गंगाजळी फेडरल रिझर्व्हकडेच ठेवायची अट आली. एकच डॉलर दोनदा मोजण्याची सोय तिथे संपली. म्हणजे शहरांच्या वर्गवारीचं मूळ कारणही गेलं, तरी वर्गवारी टिकली! सेंट लुईसने १९२२मध्ये वरचा दर्जा सोडला. न्यूयॉर्क आणि शिकागोचा तो १९६२पर्यंत राहिला.

नोव्हेंबर १९७२मध्ये मात्र नियमच उलटा झाला. ज्या बँकेच्या मागणी ठेवी ४० कोटी डॉलरच्या वर, ती राखीव शहराची बँक. आणि तिचं मुख्यालय ज्या गावात, ते गाव राखीव शहर.