‘कर्णाला न्यूनगंड होता’ : एका निदानाची पार्श्वभूमी

ठाण्यात नौपाड्यातील आमच्या वाचनगटाने शिवाजी सावंत यांची ‘मृत्युंजय’ (१९६७) चर्चेसाठी घेतली, तेव्हा पहिल्या अर्ध्या तासातच ‘कर्णाला न्यूनगंड होता’ हे वाक्य तिघांच्या तोंडून आले आणि कोणीही हरकत घेतली नाही. ज्या शब्दाने नायकाचे निदान एका दमात होते, तो शब्द आला कुठून, हे पुढच्या बैठकीपूर्वी पाहून ठेवावे, एवढ्यासाठी हे टिपण.

या कल्पनेचा जनक आल्फ्रेड ॲडलर (१८७०–१९३७) हा व्हिएन्नातील डॉक्टर. लहानपणी त्याला मुडदूस झाला होता आणि पुढे न्यूमोनियातून तो कसाबसा वाचला. १९०२ मध्ये तो मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड याच्या घरी दर बुधवारी भरणाऱ्या बैठकीत जाऊ लागला. (ठाण्याचे मनोरुग्णालय त्याच्या आदल्याच वर्षी सुरू झाले होते आणि येथील मराठी ग्रंथ संग्रहालय तर १८९३ पासून उभे होते, मन आणि पुस्तक या दोहोंची सोय या गावात तशी जुनीच.) १९०७ मध्ये त्याने इंद्रियांच्या दुबळेपणावर पुस्तक लिहिले, आणि तेथे त्याचे म्हणणे अजून शरीरापुरतेच होते: एखादे इंद्रिय कमकुवत असेल तर शरीर, आणि शरीराबरोबर मनही, ती उणीव भरून काढू पाहते. तोतरेपणावर मात करून वक्ता झालेला ग्रीक डेमोस्थेनिस हे त्याचे आवडते उदाहरण. १९११ मध्ये फ्रॉइडशी फारकत झाल्यावर मात्र त्याने इंद्रियाची उणीव मागे ठेवून उणेपणाची भावना पुढे आणली, कारण ही भावना रोग्यापुरती नसून सर्वांचीच आहे, असे त्याला दिसले: मोठ्यांच्या जगात प्रत्येक मूल लहान, परावलंबी असते आणि त्या लहानपणातूनच वर येण्याची धडपड सुरू होते.

येथे एक भेद आहे आणि मराठीत तो जवळजवळ पुसला गेला आहे. ॲडलरच्या लेखी उणेपणाची भावना हा माणसाच्या वाढीचा रेटा आहे; तीच भावना पक्की होऊन माणूस ‘माझ्याच्याने होणार नाही’ या समजुतीच्या आडोशाला जाऊन बसतो, तेव्हाच तिला विकृतीचे रूप येते. आपल्या शब्दातला ‘गंड’ हा गंडमाळेतला गंड, म्हणजे गाठ आहे. तेव्हा ‘न्यूनगंड’ हा शब्द या दुसऱ्या अवस्थेलाच शोभतो. आपण मात्र साध्या संकोचालाही गाठ म्हणून मोकळे होतो. ‘न्यून’ हा शब्द त्याआधी किती निरोगी होता, हे ज्ञानेश्वरांनी श्रोत्यांना न्यून ते पुरते करून घेण्याची विनंती केली, त्यावरून कळते. तेथे उणीव लपवायची नसून चारचौघांनी मिळून भरायची आहे. ॲडलरही शेवटी उपाय सांगतो तो इतरांशी असलेल्या आपलेपणाचाच.

साहित्यातील माणसांकडे या दृष्टीने पाहण्याचा पायंडाही त्यानेच पाडला. १९१८ मध्ये त्याने झुरिकमध्ये दोस्तोएव्हस्कीवर व्याख्यान दिले होते. १९५२ मध्ये फ्रांत्स फॅनन या मनोचिकित्सकाने वसाहतीतील काळ्या माणसाविषयी लिहिताना ॲडलरची मर्यादा दाखवली: उणेपणा एकट्याच्या बालपणातून उगवत नाही, समाज तो लादतो. कर्णासाठी ही दुरुस्ती मला सर्वांत मोलाची वाटते.

कारण कर्णाच्या शरीरात उणे असे काहीच नाही. १९०७ च्या पुस्तकातला रोगी दुबळे इंद्रिय घेऊन जन्मतो. हा जन्मतो तो कवचकुंडले घेऊन. उणीव त्याला दिली जाते ती राजपुत्रांच्या शस्त्रकौशल्याच्या आखाड्यात. तो अर्जुनाइतकेच कौशल्य दाखवतो, त्यानंतर कृपाचार्य त्याचे कुळ विचारतात आणि त्याचा चेहरा पावसाने भिजून वाकलेल्या कमळासारखा होतो, असे महाभारत सांगते. भीम तर त्याला चाबूकच हाती घ्यायला सांगतो. महाकाव्यात हे आपण बाहेरून पाहतो. सावंतांनी कर्णाला स्वतः बोलायला लावले आणि त्याच्याभोवती कुंती, दुर्योधन, पत्नी वृषाली, भाऊ शोण, कृष्ण यांची निवेदने ठेवली, म्हणून मानसशास्त्रीय वाचनाला जागा झाली. त्या वाचनात दातृत्व ही भरपाई ठरू शकते: ज्याला सर्वांनी खाली बसवले, तो देणारा होऊन इंद्राच्याही वर बसतो. हे मला पटते, कारण सूर्याने सावध केल्यावरही कवचकुंडले देताना तो कीर्तीचेच कारण सांगतो.

पण युद्धापूर्वीच्या प्रसंगात हे निदान अडखळते. कृष्ण त्याला त्याचे कुळ सांगतो, ज्येष्ठ पांडव म्हणून राज्यही देऊ करतो. म्हणजे जी उणीव आयुष्यभर बोचली, ती एका वाक्यात भरून निघत असते. गाठच असती, तर ती येथे सुटायला हवी होती. महाभारतातला कर्ण नकार देतो आणि कारणे सांगतो ती घरची: आपल्याला पाहताच वाढवणाऱ्या राधेला फुटलेला पान्हा, अधिरथाने वडिलांच्या नात्याने केलेले संस्कार, सूतकुळात झालेली लग्ने, दुर्योधनाच्या आधारावर भोगलेले राज्य. वर तो कृष्णाला बजावतो की हे युधिष्ठिराला कळू देऊ नकोस. कळले तर तो राज्य घेणार नाही, आणि ते माझ्या हाती आले तर मी दुर्योधनालाच देऊन टाकीन.