एकास सत्तावीस

१९८६च्या फेब्रुवारीत एक तरुण डॉक्टर आणि त्यांचे पती बर्फाच्या डब्यात रक्ताचे नमुने घेऊन मद्रासहून रातगाडीने निघाले. काटपाडीला उतरून पुढे रिक्षाने वेल्लोर. डॉक्टरांचं नाव सेल्लप्पन निर्मला. नीट शीतपेटी नव्हती म्हणून तोवर हे नमुने त्यांच्या घरच्या फ्रिजमध्येच होते. वेल्लोरच्या तपासणीत सहा नमुने पिवळे झाले, म्हणजे पॉझिटिव्ह आले, आणि एड्सचा विषाणू एचआयव्ही भारतातही आहे हे पहिल्यांदा कळलं. निर्मलांना हा विषय देणाऱ्या त्यांच्या मार्गदर्शक म्हणजे डॉ. सुनीती सॉलोमन, माहेरच्या गायतोंडे, चेन्नईत स्थिरावलेल्या मराठी घरातल्या. पुढे १९९३ साली त्यांनी तिथेच वडिलांच्या नावाने एचआयव्हीबाधितांसाठी संस्था काढली.

त्या दिवसांत जागृती म्हणजे भीती. भिंतीवर कवटी आणि खाली ‘एड्सवर औषध नाही’. तेव्हा ते खरंही होतं. पण भिंतीवरचा रंग उडाला तरी ते वाक्य डोक्यातून गेलं नाही, आणि मला वाटतं आजची खरी अडचण तीच आहे. शिकलेली माणसंसुद्धा ‘त्याला एड्स झालाय’ म्हणतात, तेव्हा तो माणूस गोळ्या घेऊन रोज कामावर जात असतो. विषाणू शरीरात असणं म्हणजे एचआयव्हीची लागण. प्रतिकारशक्ती पार ढासळल्यावरची अवस्था म्हणजे एड्स. वेळेवर औषध सुरू झालं आणि ते सुटलं नाही, तर बहुतेक जण त्या अवस्थेपर्यंत जातच नाहीत.

विषाणू करतो काय? तो धरतो सीडी४ नावाच्या पांढऱ्या पेशी, म्हणजे शरीराचे पहारेकरीच. त्याचा मजकूर आरएनएमध्ये लिहिलेला, आपल्या पेशीचं दप्तर मात्र डीएनएचं. म्हणून तो आधी आपल्या आरएनएची डीएनएमध्ये नक्कल करून घेतो आणि मग ती नक्कल पेशीच्या डीएनएत घुसवतो. कुणी परक्याने येऊन आपल्या सातबाऱ्यावर नाव चढवावं, तसं. एकदा नोंद झाली की पेशी त्याच्यासाठी राबू लागते.

आज आपल्या सरकारी एआरटी (एचआयव्हीवरचे औषधोपचार) केंद्रांत बहुतेक प्रौढांना दिवसाला एक गोळी मिळते. तिच्यात तीन औषधं असतात. टेनोफोविर आणि लॅमिवुडिन नक्कल होऊ देत नाहीत. तिसरं, डोल्युटेग्राविर, नाव चढू देत नाही. नवे फेरफार थांबले. पण जुने? काही पेशी ती नोंद पोटात घेऊन निपचित पडून राहतात, आणि गोळीला ती खोडता येत नाही. गोळी बंद केली की साधारण काही आठवड्यांत विषाणू पुन्हा रक्तात दिसू लागतो. म्हणून ती आयुष्यभर घ्यायची.

रक्तातल्या विषाणूंची मोजदाद म्हणजे व्हायरल लोड. गोळी नेमाने घेतली तर बहुतेकांचा काही महिन्यांत इतका खाली येतो की यंत्राला दिसत नाही. मग अशा माणसाकडून जोडीदाराला लागण होते का, हा प्रश्न उरतो. त्याचं उत्तर शोधण्यात पुण्याचाही हात आहे. एचपीटीएन ०५२ नावाच्या अभ्यासात नऊ देशांतली १,७६३ जोडपी होती, एक बाधित आणि दुसरा नसलेला अशी. त्यातली काही पुण्याच्या ‘नारी’ या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेतली, काही चेन्नईत सॉलोमन यांच्या संस्थेतली. निम्म्यांना उपचार लगेच दिले, बाकीच्यांना तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे सीडी४ घसरल्यावर. २०११ साली आकडे आले. बाधित जोडीदाराकडूनच झालेल्या लागणी एकूण २८. त्यातल्या उशिरा औषध मिळालेल्या गटात २७, लगेच मिळालेल्या गटात १. पुढे युरोपातल्या ‘पार्टनर’ अभ्यासात व्हायरल लोड दबलेल्या जोडप्यांनी कंडोमशिवाय हजारो वेळा संबंध ठेवले; बाधित जोडीदाराकडून झालेली लागण शून्य.

‘दिसत नाही, तर लागत नाही’ हे लैंगिक संबंधांपुरतं पक्कं आहे. सुई वाटून घेणं आणि स्तनपान यांना ते जसंच्या तसं लावता येत नाही. गोळ्या चुकवणाऱ्यालाही नाही. आणि हो, गर्मी (सिफिलिस) किंवा परमा (गोनोरिया) यांना ही गोळी अडवत नाही, त्यासाठी कंडोमच.

आपल्याकडे एआरटी २००४ पासून मोफत आहे, पण सुरुवातीला सीडी४ खाली येईपर्यंत थांबावं लागायचं. २०१७ पासून अहवाल पॉझिटिव्ह आला की सीडी४ न बघता औषध सुरू होतं. तपासणी आयसीटीसी म्हणजे सरकारी समुपदेशन आणि चाचणी केंद्रात होते, फुकट आणि गुप्त. लागण होऊन थोडेच दिवस झाले असतील तर चाचणी निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून समुपदेशक तीन महिन्यांनी परत बोलावतात. फोनवर विचारायचं असेल तर १०९७. बाधित आहे म्हणून नोकरीवरून काढणं किंवा उपचार नाकारणं हा २०१७च्या कायद्याने भेदभाव ठरतो. तो कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे.

एआरटी केंद्रात आता जोडपी येतात ती ‘आम्हाला मूल होऊ द्यायचंय, चालेल का?’ असं विचारायला. डॉक्टर कार्ड उघडून आधी एकच गोष्ट बघतात, शेवटचा व्हायरल लोड कधी झाला आणि किती आला.