माहितीचे स्वयंप्रकटन (भारत)

नागरिकाच्या अर्जाची वाट न पाहता सार्वजनिक प्राधिकरणाने आपल्या कारभाराची माहिती आपणहून प्रसिद्ध करणे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५च्या कलम ४ने हे कर्तव्य केंद्र व राज्य शासनांपासून ग्रामपंचायतीपर्यंत सर्वांवर घातले आहे. अर्ज, मुदत आणि अपील हा या कायद्याचा परिचित भाग. कलम ४(२)चा रोख मात्र वेगळा आहे. माहिती ठरावीक काळाने इतकी जाहीर होत राहावी, की लोकांना हा कायदा वापरण्याची गरज कमीत कमी भासावी, असे ते सांगते.

या तरतुदीचा उगम कोठला, याविषयी दोन मते आढळतात. एक मत तिचे मूळ राजस्थानात शोधते. डिसेंबर १९९४मध्ये पाली जिल्ह्यातील कोट किराना येथे मजदूर किसान शक्ती संघटनेने जनसुनवाई, म्हणजे लोकांसमोरची जाहीर सुनावणी घेतली. तीत मजुरांच्या हजेरीपटातील नोंदी आणि कामाची बिले गावासमोर वाचून दाखवण्यात आली. १९९६मध्ये ब्यावर येथे चाळीस दिवसांचे धरणे झाले. मागणी याच कागदांच्या नकलांची होती. दुसरे मत कायद्याच्या मसुद्याकडे बोट दाखवते. ब्रिटनच्या २०००च्या कायद्यात प्रत्येक प्राधिकरणाला प्रकाशन योजना, म्हणजे आपणहून प्रसिद्ध करायच्या माहितीचा आराखडा, सक्तीची होती. भारतात संसदेने संमत केलेल्या, पण कधीच अमलात न आलेल्या माहिती स्वातंत्र्य अधिनियम, २००२मध्येही कलम ४ खाली अशीच, मात्र बरीच आखूड यादी होती. कलमाचा सांगाडा या दुसऱ्या परंपरेला अधिक जवळचा दिसतो. परंतु अर्थसंकल्पीय वाटप, अनुदानाच्या रकमा व लाभार्थी या बाबी २००२च्या यादीत नव्हत्या. त्यांची भर पडली ती केंद्र सरकारला सल्ला देणाऱ्या राष्ट्रीय सल्लागार परिषदेने २००४मध्ये केलेल्या शिफारशींनंतरच्या मसुद्यांत, आणि त्यामागे राजस्थानचा अनुभव होता असे मानणे सयुक्तिक ठरते.

अंमलाच्या तारखेबाबतही थोडा घोळ आढळतो. राष्ट्रपतींची संमती १५ जून २००५ची. कलम ४(१) त्याच दिवशी लागू झाले. कायद्याचा बराचसा उरलेला भाग १२०व्या दिवशी. १५ जून हा पहिला दिवस धरला तर १२ ऑक्टोबर येतो, तो वगळला तर १३. अधिकृत लेखनात १२ ऑक्टोबर रूढ आहे.

कलम ४(१)(ख) खाली सतरा बाबी प्रसिद्ध कराव्या लागतात व त्या दरवर्षी अद्ययावत कराव्या लागतात. त्यांतल्या तिसऱ्या बाबीवरून एखाद्या कार्यालयाचे प्रकटन खरे की उपचारापुरते, हे बहुधा कळते. ही बाब निर्णयप्रक्रियेची, म्हणजे पर्यवेक्षण व उत्तरदायित्वाच्या साखळीची आहे. तहसील कार्यालयातील शिधापत्रिकेचे उदाहरण घेतले, तर अर्ज कोणत्या टेबलावर नोंदवला जातो, अव्वल कारकून काय तपासतो, पुरवठा निरीक्षकाचा अहवाल केव्हा लागतो, सही कोणाची आणि प्रत्येक टप्प्याला दिवस किती, हे तेथे लिहिलेले हवे. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी ‘शासन निर्णयानुसार कार्यवाही करण्यात येते’ एवढे एकच वाक्य असते. त्यावरून अर्जदाराला आपला कागद कोठे अडला हे शोधता येत नाही. ज्यासाठी ही बाब कायद्यात आली, तेच हाती लागत नाही.

इतर दोषही नेहमीचे आहेत. बदलून गेलेल्या अधिकाऱ्याचे नाव जन माहिती अधिकारी (अर्जांना माहिती देणारा अधिकारी) म्हणून तसेच राहते. अकराव्या, म्हणजे अर्थसंकल्पाच्या बाबीत तरतूद दिसते, खर्च दिसत नाही. बाराव्या, म्हणजे अनुदान योजनांच्या बाबीत योजनेचे नाव असते, पण गाव, रक्कम, हप्ता व मंजुरीचा दिनांक हे रकाने नसतात. कागदाची नुसती प्रतिमा संकेतस्थळावर चढवल्याने आतला शब्द शोधता येत नाही, आणि संकेतस्थळ बदलले की जुने दुवे मरतात. पानावर ‘अद्ययावत केल्याचा दिनांक’ नसला, तर असलेली माहितीही भरवशाची राहत नाही. यांपैकी बऱ्याच दोषांचे मूळ कलम ४(१)(क)मध्ये आहे : अभिलेखांची सूची व अनुक्रमणिका नीट लावणे ही पहिली पायरी. अभिलेख कक्षात कागद किती काळ जपायचे यानुसार अ, ब, क, ड वर्गवारी झालेली नसेल, तर संकेतस्थळावर टाकायला वेगळे काही नसते.

अंमलबजावणीची खरी अडचण दंडात आहे. कलम २० खालील रोज २५० रुपये, कमाल २५,००० रुपये हा दंड अर्जाच्या हाताळणीतील कसुरीबद्दल जन माहिती अधिकाऱ्यावर बसतो. सतरा बाबी प्रसिद्ध न करणाऱ्या कार्यालयाला तो लागू होत नाही. या कायद्याखालील अपिले ऐकणारा माहिती आयोग कलम १९(८) खाली माहिती प्रसिद्ध करण्यास भाग पाडू शकतो, कलम २५(५) खाली शिफारस करू शकतो. केंद्राने एप्रिल २०१३मध्ये मार्गदर्शक सूचना काढून निविदा व करार, परदेश दौरे, तसेच माहिती अर्ज व त्यांची उत्तरे जाहीर करण्यास सांगितले आणि दरवर्षी या प्रकटनाच्या त्रयस्थ लेखापरीक्षणाची पद्धत घातली. किशनचंद जैन प्रकरणात १७ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केंद्रीय व राज्य माहिती आयोगांना कलम ४च्या अंमलावर, या लेखापरीक्षणासह, सतत देखरेख ठेवण्यास सांगितले.

महत्त्वाची धोरणे आखताना संबंधित तथ्ये जाहीर करावीत, असे कलम ४(१)(ग) म्हणते. त्याला पूरक असे विधिपूर्व विचारविनिमयाचे धोरण केंद्राने २०१४मध्ये स्वीकारले : कायद्याचा मसुदा किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवावा व आलेल्या सूचनांचा गोषवारा प्रसिद्ध करावा. हा कार्यकारी निर्णय आहे, कायदा नव्हे. त्यामुळे मुदत न पाळल्यास मसुदा अडत नाही.

राज्यांपैकी तामिळनाडू व गोवा यांनी १९९७मध्येच माहितीचे कायदे केले होते. महाराष्ट्राने २०००मध्ये, आणि अधिक व्यापक स्वरूपात २००२मध्ये. पुणे महापालिकेत नागरिकांना सोमवारी नस्त्या (फायली) पाहू देण्याचा प्रघात पडला. त्याच धर्तीवर महाराष्ट्र शासनाने २०१८मध्ये जिल्हास्तरीय कार्यालये व स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये दर सोमवारी दुपारी ३ ते ५ अभिलेख पाहण्याची सोय करण्यास सांगितले. राजस्थानने २०१९मध्ये जनसूचना पोर्टल सुरू करून योजनांची माहिती पंचायतनिहाय खुली केली. बाराव्या व तेराव्या (सवलती व परवान्यांच्या) बाबींचा हा आजवरचा सर्वांत ठोस वापर म्हणावा लागेल.

आंतरराष्ट्रीय पातळीवर सप्टेंबर २०११मध्ये आठ देशांनी ‘मुक्त शासन भागीदारी’ स्थापली. तीत सदस्य राष्ट्र नागरी संघटनांसह कृती आराखडा ठरवते आणि त्याचे स्वतंत्र मूल्यमापन होते. पूर्वतयारीत असलेला भारत स्थापनेआधीच बाजूला झाला.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ने माहितीचा अधिकार अधिनियमाचे कलम ८(१)(ञ) बदलून वैयक्तिक माहितीला प्रकटनातून सरसकट सूट दिली. बाराव्या बाबीतील लाभार्थ्यांचा तपशील व तेराव्या बाबीतील सवलती आणि परवाने मिळालेल्यांची माहिती कलम ४मध्ये कायम आहे, व जनहितासाठी माहिती देण्याचे कलम ८(२)ही. तरीही नावे झाकून याद्या लावण्याकडे कार्यालयांचा कल वाढेल, ही अभ्यासकांची भीती रास्त वाटते. नाव नसलेल्या यादीवरून गावाला बोगस लाभार्थी ओळखता येत नाही.